गावागणिक पोट

पाटोद्यात माणसाला चालीवरून ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि नुसतं आडनाव ऐकून त्याच्या सात पिढ्या सांगणारे त्याहून पुष्कळ. पण माणसाला त्याच्या पोटावरून ओळखणारा इसम मी उभ्या जन्मात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांचं पेठेत औषधांचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी आणि कानावर पेन्सिल अशा थाटात ते गल्ल्यामागं बसलेले असत. गिऱ्हाईक आलं की दुकानदार विचारतो, काय पाहिजे. मामा विचारत, "गाव कोणतं?" गाव कळलं की पुढचा प्रश्न, "आजोळ कोणतं?" आणि तिसरा, "ल्हानपणी पाणी कोणत्या आडाचं पेलात?" एवढं झाल्यावर ते डोळे मिटत आणि सांगत की तुम्हाला जेवणाआधी बेंबीच्या चार बोटं वर आग पडते आणि भाकरीचा तुकडा मोडला की जरा थांबते. समोरचा माणूस तापाची गोळी घ्यायला आलेला असे, पण आग पडते हे तो कबूल करायचा.

मामांचा सिद्धांत असा होता की गावागणिक पोट वेगळं असतं. घाटावरचं पोट जळतं, खाली गोदेकाठच्या गंगथडीचं पोट फुगतं, आणि तालुक्याच्या एका कोपऱ्यात अशी तीन गावं आहेत की तिथल्या माणसानं खिळे खाल्ले तरी त्याला ढेकर येत नाही. हा नकाशा त्यांनी कुठं लिहून ठेवला नव्हता, सगळा डोक्यात होता. पेठेतली टवाळ मंडळी त्यांची परीक्षा घ्यायची. कुणीतरी परगावचा पाहुणा धरून आणायचे आणि मुद्दाम खोटं गाव सांगायचे. मामा दोन प्रश्न विचारून म्हणायचे, "पाहुणे, ह्ये तुमचं गाव न्हाई. तुमच्या पोटाला इचारा." आणि पाहुणा ओशाळून खरं गाव सांगायचा. मुलीकडचे लग्नासाठी मला बघायला आले तेव्हा बाकीच्या मंडळींनी नोकरी कायम आहे का, शेती किती, भाऊ किती, असं रीतसर विचारलं. शेवटी मामांनी विचारलं की लहानपणी एका ताटात किती भावंडं जेवायचा. मी म्हटलं, पाच. त्यांनी मान हलवली आणि आतल्या खोलीत जाऊन जाहीर केलं, "पोरगा चांगला हाय. पोट मातुर गंगथडीचं हाय. घाटावर टिकंल का ते बघावं लागंल." लग्न ठरलं. पण ती तीन वाक्यं माझ्या बायकोनं पुढं आयुष्यभर मला ऐकवली.

त्यांच्या सिद्धांताला एकच गोष्ट छळायची, आणि ती म्हणजे ऊसतोडीची माणसं. आमच्याकडची निम्मी गावं दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. सहा महिने तिकडच्या नदीचं पाणी पिऊन आलेल्या माणसाचं पोट निदान थोडं तरी तिकडचं व्हायला पाहिजे, असा मामांचा हिशेब. पण ती माणसं परत येऊन पुन्हा तीच जुनी घाटावरची जळजळ सांगत. मामा बेचैन व्हायचे. "वीस वर्सं तिकडं जाऊ लागलेत, तरी पोट पाटोद्याचंच कावून राहतं?" असं ते मला विचारायचे, जसा काही तो माझा दोष होता. मी शाळेत इतिहास शिकवतो, मला काय ठाऊक.

दुसरी त्यांची सवय म्हणजे ते कुणाशीही भांडत नसत. भांडत नसत म्हणजे थोडं भांडत असत असं नव्हे. गिऱ्हाईक येऊन म्हणालं की तुमच्या गोळीनं गुण आला नाही, तर "बरोबर हाय तुमचं." मागून येऊन दुसरा म्हणाला की त्याच गोळीनं खडखडीत बरा झालो, तर त्यालाही "बरोबर हाय." एकदा न्हाव्यानं गप्पांच्या नादात त्यांची अर्धी मिशी उडवली. आरशात बघून मामा म्हणाले, "असू द्या, तुमी केलं ते बरोबरच असंल," आणि उरलेली अर्धीही उतरवून घेतली. तीन महिने त्यांना सख्खे नातेवाईक ओळखत नव्हते. बीडला जाताना ते रीतीप्रमाणे एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायचे, पण त्या टॉवेलावर कुणी आडदांड बसलाच तर त्याला उठवायचे नाहीत. स्वतः बीडपर्यंत उभे राहायचे आणि उतरताना त्याच्याखालून टॉवेल ओढून घेत "बसा, बसा" म्हणायचे. मला या गोष्टीचा संताप यायचा. मी मुळात तापट, आणि हा माणूस माझ्या वाटणीची भांडणंसुद्धा वाया घालवतोय असं मला वाटायचं.

त्याचं कारण मला बायकोनं एकदा दबक्या आवाजात सांगितलं. मामांचे थोरले भाऊ होते, त्यांना सगळे दादा म्हणत. दुकान दोघांचं. एके दिवशी काचेचं कपाट कोणत्या भिंतीला लावायचं यावरून दोघांची जुंपली आणि मामा, वय पंचविशीचं, नको ते बोलून गेले. दादांनी त्या दिवसापासून धाकट्याच्या पंगतीला जेवणं सोडलं. आठव्या दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि बीडला पोचायच्या आत ते गेले. सांत्वनाला आलेल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत म्हटलं की भावाचा शब्द लागला त्याला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. काचेचं कपाट मामांनी दादांना हव्या असलेल्या भिंतीला लावलं आणि त्यानंतर ते कुणाला उलट बोलले नाहीत.

मामांचं भाकीत खरं ठरायला मला घाटावर येऊन तीन वर्षं लागली. पोटात जी आग सुरू झाली ती आठ वर्षं विझली नाही. थंड दूध झालं, मऊ भात झाला, केळी झाली. ठेचा बंद, लोणचं बंद, शेंगदाण्याची चटणी समोरच्याच्या ताटात बघायची. सगळ्या गावाचं निदान एकच होतं की गुरुजी, तुम्ही लई चिडता. मुख्याध्यापकांनी मला हसतमुख राहण्याचा लेखी सल्ला दिला. घरात बायकोनं मला उलट उत्तर देणं बंद केलं. त्यामुळं घरात अशी शांतता पसरली की मी तिच्यावरच आणखी चिडायचो. शेवटी एक दिवस वर्गात फळ्यासमोर घेरी आली आणि दवाखान्यात कळलं की आतल्या आत रक्त जातंय. एका मोठ्या शल्यविशारदांनी पोटाचा जखमी भाग कापून काढावा लागेल असं सांगितलं आणि परीक्षा संपल्यावरची तारीखही दिली. माझं वय छत्तीस, मुलगी तिसरीत. मी घरी येऊन माझ्या पोटावर हात ठेवून बसलो. त्या दिवसांत मला भीती वाटली हे आता सांगायला हरकत नाही. तेव्हा मी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.

ती वर्षं मोठी चमत्कारिक होती. दिल्लीत कुणी तरी देशाची दारं उघडली म्हणे, आणि त्या दारांतून आमच्या पेठेपर्यंत काय काय येऊन पोचत होतं. टेलिफोनचे पिवळे बूथ आले, छतांवर ताटल्या आल्या, बसस्टँडवर परदेशी नावाच्या काळ्या सरबताच्या बाटल्या आल्या. मामांनी एक बाटली उजेडाला धरून दुकानदाराला विचारलं होतं, "ह्ये पाणी कोणत्या आडाचं?" दुकानदाराला सांगता येईना म्हणून ती त्यांनी परत ठेवली. त्याच लाटेत औषध कंपन्यांची टाय लावलेली मुलंही घाट चढून यायला लागली. त्यांपैकी एकानं मामांच्या गल्ल्यावर एक इंग्रजी माहितीपत्रक ठेवलं. मामांचं इंग्रजी औषधांच्या नावापुरतं. त्यांनी माझ्याकडचा शब्दकोश नेला आणि तीन दिवस दुकानात गिऱ्हाइकाला नुसते हातवारे करून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी माझा सातवीचा तास चालू असताना ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. धापा टाकत होते. "जावईबापू," ते म्हणाले, "चिंता न्हाई, राग न्हाई, मिरची बी न्हाई. जंतू हाय." सगळा वर्ग माझ्या पोटाकडं बघायला लागला. मामांचे डोळे भरले होते. मला वाटलं, माझ्यासाठीच.

त्या कागदात लिहिलं होतं ते असं की पोटात एक जंतू घर करून राहतो आणि पुष्कळांचे व्रण त्याच्यामुळं होतात. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, एकाकडून दुसऱ्याकडं जातो आणि मग आयुष्यभर मुक्काम करतो. काही मुलखांत तो जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात असतो, काही मुलखांत क्वचित. त्याच्या जातीही मुलखागणिक वेगळ्या, कुठं तो निवांत पडून राहतो, कुठं जखम करतो. मामांनी हे मला दोनदा वाचून दाखवलं. तीस वर्षं ज्या गोष्टीवरून पेठ त्यांना हसली ती गोष्ट साहेबाच्या भाषेत छापून आली होती. ऊसतोडीचं कोडंही सुटलं, कारण पोट ठरतं ते पाळण्यात, कोयत्यावर नाही. आडाचा मात्र त्या कागदात कुठं ठळक उल्लेख नव्हता. "उगा त्या बिचाऱ्या आडाला बोल लावला मी," असं म्हणून त्याच संध्याकाळी मामा जुन्या आडापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. पाणी भरणाऱ्या बायका त्यावर बरेच दिवस हसत होत्या.

बीडमध्ये तेव्हा एक तरुण डॉक्टर नुकतेच दुर्बीण घेऊन आले होते. मामा मला तिथं घेऊन गेले. ती नळी गिळण्याचं वर्णन मी करणार नाही. डॉक्टरांनी आतला तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून एका पिवळ्या औषधाच्या कुपीत टाकला आणि म्हणाले, जंतू असेल तर हे गुलाबी होईल. अर्ध्या तासात ते गुलाबी झालं. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी ती कुपी बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या रोग्यांना दाखवली. "आमच्या जावयाचा जंतू हाय," ते सांगत होते. डॉक्टरांनी तीन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस, एकही चुकवायची नाही.

आणि इथं मी माती खाल्ली. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. दुपारचा डबा आम्ही दोघं एकत्र खात असू, म्हणजे माझा मऊ भात ते खात आणि त्यांची चटणी मी बघत असे. त्यांनाही पोटात आग पडायची. पहिल्या दिवशी मी सकाळच्या गोळ्या शाळेत आल्यावर काढल्या तेव्हा ते माझ्याकडं बघत होते. आता आमच्याकडं एक रीत आहे, समोर माणूस बसलेला असताना कुणी एकट्यानं तोंडात घास घालत नाही. मी निम्म्या गोळ्या त्यांच्यापुढं केल्या. त्यांनी आधी नको नको म्हटलं, मी आग्रह केला, मग त्यांनी घेतल्या. चौदा दिवसांचं औषध आम्ही दोघांनी मिळून सात दिवसांत गुण्यागोविंदानं संपवलं. दोघांची आग थांबली. मी मनाशी म्हटलं, एका औषधात दोन माणसं बरी झाली, कंपनीनं शिकावं आमच्याकडून.

दीड महिन्यात आग परत आली. बीडला पुन्हा नळी, पुन्हा कुपी, पुन्हा गुलाबी. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का. मी इतिहासाचा शिक्षक असलो तरी त्या क्षणी खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं. जावयाला बोलायची सोय नाही, आणि मामा तर न्हाव्यालाही बोलले नव्हते. ते वळून कोपऱ्यातल्या वजनकाट्यापाशी गेले आणि त्याला म्हणाले, "आमचं गाव लई मायाळू हाय. दवा बी वाटून खातं." डॉक्टर म्हणाले की अर्धवट मार खाल्लेला जंतू निर्ढावतो, आता दुसऱ्या गोळ्या देतो, पुन्हा चौदा दिवस, पण यावेळी नाही जमलं तर ती ऑपरेशनची तारीख आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात उभे. हातात गोळ्यांची पुडी, एका वेळेपुरतीच. मी गिळल्या. मग मला आ करायला लावून, बैलाचे दात बघतात तसं त्यांनी माझं तोंड बघितलं. संध्याकाळी पुन्हा. दुकानाला कुलूप लावून, भर गिऱ्हाइकीत ते यायचे. शेजारच्या वाड्यातून चित्रकलेच्या सरांनाही बोलावून घेत, त्यांना डॉक्टरांकडून त्यांचा स्वतंत्र डोस आणून दिला होता. आम्हा दोघांना भिंतीच्या दोन टोकांना बसवत, एकमेकांकडं बघायची मनाई. एका सकाळी शाळा लवकर होती आणि तपासणीला साहेब आले होते. मामा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले आणि साहेबांसमोर मला आ करायला लावलं. साहेबांनी चष्मा काढून हा काय प्रकार आहे असं विचारलं. मामांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सायेब, गाव कोणतं?" पाच मिनिटांनी साहेब शर्टाची दोन बटणं सोडून कुठं जळजळतं ते दाखवत होते. आमच्या शाळेला त्या वर्षी उत्तम शेरा मिळाला.

नवव्या दिवशी माझं तोंड बघून झाल्यावर मामा लगेच उठले नाहीत. पुडीचा कागद घडी घालत बसले. मग म्हणाले, "दादाला बी असंच व्हायचं. जेवायच्या आधी आग. लई दिस. मला मालूम व्हतं, पर तवा इलाज कुणाला मालूम व्हता?" कागदाची आणखी एक घडी घालून म्हणाले, "समदे म्हणले शब्द लागला. तीस वर्सं मी तेच धरून बसलो. आता कागद म्हणतो जंतू. तुमचं पोट बरं झालं ना जावईबापू, तर मी म्हणंन कागद खरा हाय." एकाच्या पोटावरून दुसऱ्याच्या मरणाचं काही सिद्ध होत नाही, एवढा तर्क मला येत होता. पण त्या माणसाला तर्क सांगायची माझी छाती झाली नाही. त्या दिवसापर्यंत मला फक्त ऑपरेशनची भीती होती. नंतर मला ही दुसरीच भीती जास्त वाटायला लागली.

औषध संपल्यावर महिनाभर थांबून आम्ही बीडला गेलो. तिसऱ्यांदा नळी. कुपी डॉक्टरांनी मामांच्याच हातात दिली आणि संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाले. आम्ही बाकावर बसलो. मामांनी दिवसभर ती कुपी खाली ठेवली नाही, पाणी प्यायले नाहीत, कुणाला गाव विचारलं नाही. अर्धा तास झाला, दुपार झाली, ऊन बाकावरून उतरून गेलं. पाचच्या सुमाराला त्यांनी कुपी माझ्यापुढं धरली. "माझ्या डोळ्याला पडदा हाय. तुमी बघा. पिवळंच हाय ना?"

"पिवळंच आहे, मामा."

"म्हंजे जंतूच व्हता."

"जंतूच होता," मी म्हणालो. "दादांनाही तोच असणार." हे वाक्य मी शिक्षक म्हणून बोललो नाही. मामांनी मान हलवली, बंडीच्या टोकानं डोळे पुसले आणि कुपी डॉक्टरांना परत करायला आत गेले. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला.

बसस्टँडवर पाटोद्याची गाडी लागली होती. मामांनी खिडकीतून टॉवेल टाकला. आम्ही गर्दीतून आत पोचलो तर टॉवेलावर एक सफारीतला आडदांड इसम पाय पसरून बसलेला. मी सवयीनं उभं राहायला दांडी धरली. आणि मागून आवाज आला, "कावून बसला बे माझ्या टावेलावर?" मी वळून पाहिलं, तर मामाच. सफारीवाला म्हणाला, टॉवेलावर नाव लिहिलंय का. मामा म्हणाले, "नाव न्हाई, पर आकल असती माणसाला." मग जे भांडण पेटलं ते बीड सुटलं तरी थांबेना. मांजरसुंब्याचा घाट चढताना इंजिनापेक्षा मामांचा आवाज मोठा होता. तीस वर्षांचं साठलेलं होतं ते. चेहरा लाल, भस्म घामानं ओघळलेलं, आणि मी दांडीला लोंबकळत वेड्यासारखा हसत होतो. मांजरसुंब्याला तो माणूस वैतागून उतरला. मामा आपल्या टॉवेलावर बसले, दम घेतला आणि खिडकीतून त्याला हाक मारून विचारलं, "ओ, गाव कोणतं तुमचं?" त्यानं सांगितलं. मामा मला म्हणाले, "वाटलंच. फुगणारं पोट हाय."

त्यानंतर मामा बारा-तेरा वर्षं होते आणि ती सगळी वर्षं ते मनसोक्त भांडले. न्हाव्याशी, कंडक्टरशी, टाय लावलेल्या मुलांशी, आणि सर्वांत जास्त माझ्याशी. जावयाचा मान वगैरे त्यांनी गुंडाळून ठेवला. काचेचं कपाट त्यांनी एका दसऱ्याला आपल्याला हव्या त्या भिंतीला हलवलं, आठ दिवस तिथं ठेवलं, आणि मग दादांचीच भिंत बरोबर होती असं म्हणून परत जागेवर नेलं. गेले ते म्हातारपणानं, झोपेत, पोटाची काही तक्रार नसताना.

मी आता निवृत्त आहे. जेवताना बायको ठेचा वाढते आणि हात आखडून अजून विचारते, चालेल ना. चालतं. लसणाचा, हिरव्यागार मिरचीचा, डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा मी भाकरीबरोबर खातो आणि पोट हूं की चूं करत नाही. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, दुकानाला कुलूप लावून एक माणूस माझ्याकडं अठ्ठावीस वेळा आला होता. त्याचे उपकार मी त्याच्यासमोर कधी बोलून दाखवले नाहीत. बोललो असतो तर मामा माझ्याशी भांडले असते. हल्ली जेवायला बसलं की वाटतं, एकदा बोलायला हवं होतं, आणि मग त्यांनी भांडायला हवं होतं.